लग्नाची थीम 'आकाश' आहे, पण थर्माकोलचे तारे नकोत, सुचवा

कापूसकोंडी:
मंडळी, मदत हवीय. मावसबहिणीचं लग्न ठरलंय आणि सजावट, पाट्या, बसायची व्यवस्था, आठवणीची वही असलं सगळं बारीकसारीक खातं माझ्याकडे आलंय (हौसेने ओढवून घेतलं असं आई म्हणते). दोघंही आकाशवेडे. ओळखच मुळी आकाशदर्शनाच्या रात्री दुर्बिणीपुढच्या रांगेत झाली, मग थीम काय असणार ते वेगळं ठरवायची गरजच पडली नाही.

इथपर्यंत छान होतं. मग डेकोरेशनवाल्याने नमुन्याचे फोटो पाठवले आणि मी गारच पडले. थर्माकोलचा अर्धा चंद्र, त्याला टांगलेला झोका, मागे चमकीचे तारे, वर 'सेल्फी पॉइंट' अशी पाटी, आणि सगळीकडे निळी लायटिंग ज्यात हसणारी माणसं पण आजारी दिसतायत. हेच्या हेच डेकोरेशन त्याने कुणाच्या तरी पहिल्या वाढदिवसाला लावलेलं, फोटोत मागे फुग्याचा एकचा आकडा तसाच दिसतोय.

मला असं काहीतरी हवंय की जे फक्त ह्याच दोघांच्या लग्नात शोभेल, उचलून दुसऱ्याच्या लग्नात ठेवलं तर त्याला काही अर्थच उरू नये. दोनशेच्या आसपास माणसं, त्यात वयस्कर बरीच आणि लहान पोरंही. रिसेप्शन संध्याकाळी, हॉलला पुढे मोकळं अंगण आहे, बजेट बेताचं आणि माझ्याकडे वेळ त्याहून बेताचा. सुचवा काहीतरी, काय केलं तर लोकांच्या खरंच लक्षात राहील?

तिरकस_तात्या:
लोकांच्या दोनच गोष्टी लक्षात राहतात, जेवण आणि पार्किंग. बाकी तुम्ही चंद्र लावा नाहीतर सूर्य, दुसऱ्या दिवशी कुणी विचारणार नाही. चालू द्या.

चिमखडा:
तात्या आले, धागा आता पळणार =)) तिसरी गोष्ट राहिली तात्या, स्पीकरचा आवाज. शेजारच्या माणसाशी बोलता येत नसेल तर टेबलावर कितीही कलाकुसर करा, सगळे घड्याळ बघत बसतात.

कापूसकोंडी:
तात्या, जेवण आणि पार्किंग काकांच्या खात्यात आहे, त्यामुळे निश्चिंत असा. मी उरलेल्यातलं विचारतेय.

नभांगण:
अरे वा, आमच्या जातकुळीतलं लग्न दिसतंय! हौशी खगोलवाला आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी काय करू नका ते सांगतो. 'ताऱ्याला नवरानवरीचं नाव द्या' म्हणून जी सर्टिफिकिटं विकतात ती घेऊ नका. ताऱ्यांची अधिकृत नावं आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ ठरवतो आणि तो नावं विकत नाही. हे त्या दोघांना माहीत असणारच, त्यामुळे कुणी भेट दिलंच तर बिचारे हसून घेतील.

दुसरं, 'तुमच्या खास रात्रीचं आकाश' म्हणून तारकानकाशाचं पोस्टर मिळतं ना फ्रेम करून, ते दिसायला छान असतं पण त्यात एक गंमत आहे जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ठरावीक तारखेला, ठरावीक वेळी, एकाच जागेवरून दिसणारे तारे दरवर्षी जवळजवळ तेच असतात. म्हणजे नुसते तारे छापले तर ते पोस्टर २०१५ चं की २०२५ चं हे कुणी सांगू शकणार नाही. त्या रात्रीला तीच रात्र बनवतात ते चंद्र आणि ग्रह. चंद्र कुठे होता, किती कलेचा होता, गुरू-शनी कुठल्या राशीत होते, हे टाकलं की नकाशा पक्का त्याच रात्रीचा होतो. आणि हे करायला कुणाला पैसे द्यायला नकोत. स्टेलॅरियम नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात ज्या रात्री ते दोघं रांगेत भेटले ती तारीख, वेळ आणि जागा घाला, आकाश समोर येईल. टाइम झोन मात्र नीट तपासा, तिथे गडबड झाली तर भलतंच आकाश फ्रेम होऊन भिंतीवर लागायचं.

आणखी एक, हे मला स्वतःला फार आवडतं. चंद्राच्या कला १९ वर्षांनी पुन्हा त्याच तारखांना येतात, जास्तीत जास्त एखाद्या दिवसाचा फरक. १९ वर्षं म्हणजे जवळजवळ बरोब्बर २३५ चांद्रमास, मेटन नावाच्या ग्रीक ज्योतिर्विदाच्या नावाने हे चक्र ओळखतात. म्हणजे लग्नाच्या रात्री जो चंद्र असेल तोच चंद्र १९ व्या वाढदिवशी परत. पंचविसावा सगळेच साजरा करतात हो, एकोणिसावा ह्या दोघांचाच असेल. पाहुण्यांकडून चिठ्ठ्या लिहून घ्या, पाकिटात बंद करा, वर लिहा 'हाच चंद्र परत आल्यावर उघडणे'.

टेबलांच्या नावांचं एक डोक्यात आहे, ते रात्री सविस्तर लिहितो, आत्ता ऑफिसात आहे.

चिमखडा:
दंडवत! एकोणिसाव्या वर्षीचं लय भारी. बाहेर पाकिटावर कारण मात्र लिहू नका, उघडेपर्यंत तेवढंच कोडं.

अबोली_:
चिठ्ठ्यांची कल्पना फार गोड आहे पण एक सांगते. 'शुभेच्छा लिहा' असं म्हटलं की माणसं 'सुखी राहा' लिहून सही ठोकतात, मी अशा दोन-तीन वह्या नंतर चाळून बघितल्यात, पानंच्या पानं तेच. त्यापेक्षा प्रत्येक कागदावर एक प्रश्न आधीच छापा किंवा लिहा. 'ही सात-आठ वर्षांची असताना काय करायची ते सांगा', 'ह्याने तुमच्याकडून काय उसनं घेतलंय जे अजून परत केलं नाही', 'तुमच्या घरातलं सगळ्यात जुनं भांडण कशावरून', 'हे दोघं १९ वर्षांनी कशावरून वाद घालत असतील'. प्रश्न असला की अबोल माणसं पण लिहितात आणि जे लिहितात ते दुसऱ्या कुणाच्या लग्नाच्या वहीत चालणारच नाही, म्हणजे तुमची मूळ अट आपोआप पूर्ण.

पेन साधं पण नवं ठेवा, भरपूर ठेवा. आणि ज्यांना लिहिणं जमत नाही, डोळ्यांमुळे म्हणा हातामुळे म्हणा, त्यांच्यासाठी एका भाच्या-पुतण्याला फोनवर आवाज रेकॉर्ड करायला बसवा, शांत खोलीत, हॉलमध्ये नाही. आजी-आजोबांचा आवाज पुढे फोटोपेक्षा मोलाचा होतो. हल्ली जुन्या रिसीव्हरचा फोन ठेवतात ना, उचला आणि निरोप बोला, तो पण ह्यातलाच प्रकार, पण गोंगाटात ठेवला तर नंतर ऐकताना नुसतं बँड ऐकू येतं.

छापखाना:
छपाईवाला बोलतोय. आकाश थीम म्हटलं की गिऱ्हाईक हमखास येऊन म्हणतं 'गडद निळा कागद आणि त्यावर पांढरी अक्षरं'. बाबांनो, साध्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते! तो कागदाचा पांढरा वापरतो. निळ्या कागदावर पांढरं हवं असेल तर स्क्रीन प्रिंटिंग करा, फॉइल करा, किंवा पांढरा टोनर असलेलं मशीन शोधा. नाहीतर पांढऱ्या कागदावर सगळीकडे निळा रंग ओततात, मग घडीवर रंग उडून पांढरी रेघ येते आणि पाकिटं एकमेकांना चिकटतात ते वेगळंच. थोड्याच प्रती असतील तर निळं कार्ड घ्या आणि पांढऱ्या जेल पेनने हाताने लिहा. हाताचं अक्षर थोडं वाकडं येतं, येऊ द्या.

क्यूआर कोड छापणार असाल तर तो पांढऱ्यावर काळाच ठेवा. गडद पार्श्वभूमीवर पांढरा उलटा कोड काही फोन वाचतच नाहीत. आणि जितक्या अंतरावरून स्कॅन करायचाय त्याच्या साधारण एक दशांश आकार हवा, म्हणजे हातभर अंतरावरून असेल तर बोटभर रुंद पुरतो, पण भिंतीवर लावून चार हातांवरून स्कॅन करायचा असेल तर चांगला मोठा लागतो. पाट्यांची अक्षरंही तशीच. दहा फुटांवरून आरामात वाचायचं असेल तर अक्षर निदान एक इंच उंच पाहिजे. लोक नाजूक वळणदार लिपीत अर्ध्या इंचात लिहितात आणि मग पाटीपाशी चष्मे चढवून गर्दी होते.

वाळूचं_घर:
लाइटबद्दल मी बोलते, फोटोचं काम करते म्हणून. निळी लायटिंग नकोच हे तुम्ही बरोबर ओळखलंत, निळ्या प्रकाशात बिघडलेला चेहऱ्याचा रंग नंतर एडिटमध्ये पण नीट सुधारत नाही. माणसं जिथे बसणार-उठणार तिथे वॉर्म व्हाइट, बल्बच्या खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्विन लिहिलेलं असतं ते. निळं-जांभळं काय करायचं ते छतावर आणि मागच्या भिंतीवर करा, चेहऱ्यावर पडू देऊ नका. स्वस्तातल्या एलईडी माळा डोळ्यांना ठीक दिसतात पण व्हिडिओत पट्टे मारतात, आदल्या दिवशी फोनवर व्हिडिओ काढून बघाच.

आणि अंधार करायचा मोह आवरा. 'तारांगण इफेक्ट' म्हणून सगळे दिवे घालवले की पायऱ्या दिसत नाहीत, वयस्कर माणसं धडपडतात. पायऱ्यांच्या कडेला आणि टॉयलेटच्या वाटेवर उजेड हवाच.

तिरकस_तात्या:
एवढं वाचून एक प्रश्न पडला. ते दोघं भेटले कुठे? दुर्बिणीच्या रांगेत. मग दुर्बीण कुठाय तुमच्या थीममध्ये? कागद, पेनं, केल्विन, सगळं आलं. अंगण आहे, संध्याकाळ आहे, एक खरी दुर्बीण लावा की बाहेर आणि लोकांना रांगेत उभं करा. दोनशे अनोळखी माणसं एका रांगेत, दोन्हीकडची. ओळखी तिथेच होतील. सेल्फी पॉइंट गेला खड्ड्यात.

कापूसकोंडी:
तात्या!!! कुठे आहात, नमस्कार करायचाय. इतकं समोर होतं आणि मी माळा आणि कागद शोधत बसले.

चिमखडा:
तात्यांचं अकाउंट हॅक झालंय का कुणीतरी बघा.

नभांगण:
तात्यांना साष्टांग. हेच करा, पण गणित करून. एका माणसाला दुर्बिणीपाशी एक मिनिट धरलं तरी दोनशे जणांना तीन तासांवर लागतील, आणि एक मिनिट पुरत नाही, पोरं डोळा चुकीच्या जागी लावतात, कुणी धक्का देतं, परत जुळवावं लागतं. म्हणून शक्य असेल तर दोन दुर्बिणी, आणि दुर्बिणीपाशी जाणकार माणूस, जो न कंटाळता तेच तेच सांगेल. त्यांच्या आकाशदर्शनाच्या ग्रुपमधलं कुणीतरी उड्या मारत येईल. आयपीसची, म्हणजे जिथे डोळा लावतात त्या भिंगाची, उंची वयस्करांना वाकायला लागणार नाही अशी ठेवा, शेजारी एक खुर्ची, आणि पोरांसाठी भक्कम स्टूल.

काय दाखवायचं ते तारखेवर आहे. दिव्यांच्या झगमगाटात अंधुक गोष्टी विसराच. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि लग्नात कुणाला ती मिळत नाहीत. पण चंद्र, गुरू, शनी हे उजेडातही मस्त दिसतात. चंद्र अर्धा असेल तर तुमचं नशीब जोरावर, कारण उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात आणि लोक 'आईगं' म्हणतात. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून उलट सपाट दिसतो. ढग आले तर? त्यासाठी आत एका टेबलावर त्या दोघांनी स्वतः काढलेले फोटो ठेवा. नासाचं रोज एक खगोलचित्र देणारं पान १९९५ पासून चालू आहे, जुनं सगळं तारखेप्रमाणे मिळतं. ते भेटले त्या तारखेचं चित्र, साखरपुड्याचं, लग्न ठरल्याचं, असं मांडता येईल.

आता टेबलं. प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाश एका वर्षात जेवढं अंतर कापतो तेवढं, हे सगळ्यांना माहीतच आहे. म्हणजे २५ प्रकाशवर्षांवरचा तारा आज बघताना जो प्रकाश डोळ्यात शिरतो तो २५ वर्षांपूर्वी निघालेला. आता प्रत्येक टेबलावरची माणसं ह्या दोघांना किती वर्षं ओळखतात ते बघा आणि तेवढ्या अंतरावरच्या ताऱ्याचं नाव द्या. ऑफिसातली मंडळी चारेक वर्षांची असतील तर 'मित्र', म्हणजे अल्फा सेंटॉरी, ४.४ प्रकाशवर्षं, नावासकट फिट्ट. कॉलेजवाले 'व्याध', ८.६. त्याआधीचे क्लासचे वगैरे 'प्रश्वा', साडेअकरा. शाळेतले 'श्रवण', सुमारे १७. नवरीला जन्मापासून ओळखणारे मावश्या-आत्या वगैरे, ती पंचविशीची असेल तर 'अभिजित', २५. आईवडिलांच्या जुन्या स्नेह्यांना 'स्वाती', ३७, किंवा 'ब्रह्महृदय', ४३. आजी-आजोबांच्या पिढीला 'रोहिणी', साधारण ६५, आणि सगळ्यात थोरल्यांना 'मघा', ७९ च्या आसपास. पाटीवर एकच ओळ, 'ह्या ताऱ्याचा आज दिसणारा प्रकाश निघाला तेव्हा तुम्ही आमच्या आयुष्यात आलात'. वडीलधाऱ्यांच्या टेबलांवर तेवढा शेवट बदला, 'तुमच्या संसाराला सुरुवात झाली होती' किंवा जे खरं असेल ते.

काक्षीसारखे तारे टाळा, त्यांचं अंतरच अजून नीट ठरत नाहीये, शेकड्यांचा फरक पडतो. आणि नवरानवरीच्या टेबलाला काय ते तुम्ही ओळखलंच असेल, सप्तर्षीतली वसिष्ठ-अरुंधती, दोन्ही ऐंशीच्या आसपास.

अबोली_:
वाचताना अंगावर काटा आला. माणसं आपलं टेबल शोधता शोधता हिशोब घालत बसतील, 'अरे आपण सतरा वर्षं ओळखतो?'

रानजाई:
रोमात होते, म्हणजे नुसतीच वाचत होते, पण आता राहवेना. मला ह्या सगळ्यात दोन प्रकार दिसतात. एक पाहुण्यांना दिसणारं आणि एक फक्त त्या दोघांना माहीत असलेलं. दुसऱ्याबद्दल कुणीच बोललं नाहीये आणि माझ्या मते तेच जास्त टिकतं.

इंग्लंडमध्ये पूर्वी अंगठीच्या आतल्या बाजूला एखादी ओळ कोरायची पद्धत होती, पोझी रिंग म्हणतात तिला, सतराव्या शतकातल्या भरपूर सापडतात म्युझियममध्ये. ओळ आत, बोटाला लागून, बाहेरून साधी अंगठी. प्रियांका चोप्राच्या २०१८ च्या लग्नातल्या पांढऱ्या ड्रेसवर डोक्यावरून मागे सोडलेल्या ७५ फुटी झिरझिरीत ओढणीची (इंग्रजीत veil) चर्चा सगळीकडे झाली, पण त्याच ड्रेसवर भरतकामात लग्नाची तारीख, नवऱ्याचं नाव, आईवडिलांची नावं होती आणि सासूबाईंच्या लग्नाच्या ड्रेसचा एक तुकडा शिवलेला होता. ब्रिटिश राजपुत्र हॅरीची बायको मेगन मार्कल हिच्या तशाच ओढणीवर त्याच वर्षी कॉमनवेल्थच्या ५३ देशांची फुलं भरली होती. टीव्हीवर बघणाऱ्याला ती सहज ओळखू येण्यासारखी नव्हती, आणि एका फुलाला सुद्धा कुणी पाटी लावली नव्हती. ब्रिटिश राजघराण्यात व्हिक्टोरिया राणीच्या मुलीच्या लग्नापासून, म्हणजे १८५८ पासून, नवरीच्या गुच्छात मर्टल नावाच्या झाडाची डहाळी असते, राणीच्या ऑस्बोर्न वाड्याच्या बागेतल्या झाडाची. एलिझाबेथच्या गुच्छात १९४७ ला होती, केटच्या २०११ ला होती. साधी हिरवी पानं, कुणाच्या नजरेतही भरत नाहीत.

तर तुमच्या बहिणीच्या कपड्याच्या आतल्या शिवणीत, अस्तराला, एखादा तारकासमूह फक्त फ्रेंच नॉटच्या गाठींनी भरून घ्या. भेटले त्या रात्री रांगेच्या शेवटी दुर्बिणीत काय दिसलं होतं ते विचारा आणि तेच भरा. आणि ते कुणाला सांगू नका, फोटोग्राफरला पण नाही.

वाळूचं_घर:
फोटोग्राफरला का नाही, आम्ही काय पाप केलंय :(

चिमखडा:
आकाशवाल्यांमध्ये अशनीच्या अंगठ्यांचं फॅड आहे ना? लोखंडाच्या उल्केची?

नभांगण:
आहे. नामिबियातल्या गिबियनसारख्या लोहअशनींना ॲसिड लावलं की आत सुंदर आडव्यातिडव्या रेघा उमटतात, विडमनश्टेटन नक्षी म्हणतात, अब्जावधी वर्षांपूर्वी अतिशय सावकाश थंड झाल्याशिवाय ती तयारच होत नाही. पण शेवटी लोखंड, घामाने गंजतं, देखभाल लागते, आणि बाजारात नुसती नक्षी कोरलेला साधा धातूही अशनी म्हणून खपवतात. रोज घालायच्या अंगठीला मी नको म्हणेन. एक छोटा तुकडा डबीत घालून दिला तर ठीक.

निवांत:
जरा वेगळा प्रश्न, जमल्यास बोला. आमच्याकडेही लग्न आहे, नवऱ्यामुलाचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. कुणीतरी सुचवलंय की पहिल्या रांगेत त्यांच्या नावाची रिकामी खुर्ची ठेवा, वर फोटो आणि फूल. मला कळत नाहीये, चांगलं वाटेल की सगळ्यांना जड जाईल?

अबोली_:
निवांत, हे त्या मुलाला आणि त्याच्या आईला विचारल्याशिवाय काहीच करू नका, सरप्राइज म्हणून तर अजिबात नको. माझं स्वतःचं मत सांगायचं तर खुर्ची नको. समारंभभर ती नजरेसमोर राहते, प्रत्येक फोटोत येते, आणि आईला सगळा वेळ लोकांच्या नजरा झेलाव्या लागतात. त्यापेक्षा त्यांची एखादी वस्तू वापरात आणा. त्यांचं घड्याळ मुलाच्या हातात, त्यांच्या पेनाने रजिस्टरवर सही, त्यांच्या जुन्या शर्टाच्या कापडाचा रुमाल खिशात. त्यांच्या अक्षरातलं एखादं पत्र, अगदी सामानाची यादी असली तरी चालेल, त्यातला एक शब्द किंवा सही स्कॅन करून कपड्यावर भरतात किंवा कोरून देतात. जुनं कागदपत्र असेल तर मूळ प्रत कुणाच्या हातात देऊ नका, स्कॅन करून तेच द्या.

रानजाई:
अबोलीला अनुमोदन. आमच्या ओळखीत एकीने खुर्चीच ठेवली होती आणि तिला ते हवंही होतं, तिला त्याने धीर आला म्हणाली. त्यामुळे सरसकट नको म्हणता येणार नाही. पण ठरवायचं तिने.

तिरकस_तात्या:
पेनाची सही चांगली. ते पेन आधी साफ करून, शाई भरून, चालतंय का बघा. वर्षानुवर्षं कपाटात पडलेलं पेन ऐन वेळी उठणार नाही आणि मग माणसं झटकत बसतात.

निवांत:
धन्यवाद सगळ्यांना. त्यांचं शाईचं पेन आहे घरात. आज काकूंशी बोलते.

छापखाना:
एक जनरल सांगू का, थीम म्हणजे सगळीकडे तारे छापणे नव्हे. माझ्याकडे परवा एक पार्टी आली, त्यांची समुद्र थीम, तर पत्रिका, पाट्या, पाण्याच्या बाटल्यांची लेबलं, पेपर नॅपकिन, चपला ठेवायच्या जागेची पाटी, सगळ्यावर शिंपला. चौथ्या शिंपल्यानंतर माणसाला शिंपला दिसायचा बंद होतो. तीन-चार ठिकाणी करा, बाकी साधं ठेवा. बाटलीला लेबल लावू नका, गळून टेबलावर चिकटतं. मी धंद्याच्या विरुद्ध बोलतोय, पण असो.

कापूसकोंडी:
अपडेट देते. बहिणीला सगळं सांगितलं नाही, फक्त दुर्बीण आणि टेबलांचं सांगितलं. ती फोनवर काही बोललीच नाही थोडा वेळ, मग म्हणाली झोका रद्द कर. डेकोरेशनवाल्याला फोन करून चंद्र, झोका आणि निळे दिवे काढायला लावले, तो जरा नाराज झाला पण वॉर्म व्हाइट माळा आणि पायऱ्यांचे दिवे ह्यावर तयार झाला. आकाशदर्शनाच्या ग्रुपमधून दोन दुर्बिणी आणि तीन माणसं मिळतायत, त्यातले एक काका तर म्हणाले मी जेवायला नाही आलो तरी चालेल पण रांग मी सांभाळणार. पाट्या निळ्या कार्डावर पांढऱ्या पेनाने, माझं अक्षर बरं आहे. चिठ्ठ्यांसाठी अबोलीताईंचे प्रश्न ढापले आहेत, आणखी असतील तर द्या, दोनशे माणसांना तेच चार प्रश्न नकोत. रानजाई, तुम्ही म्हणालात ते शिवणीचं काम चालू झालंय, काय भरतोय ते इथे लिहीत नाही, ती हा धागा वाचत असण्याची शक्यता आहे.

आता नवीन संकट. टेबलांची यादी घरात फिरली आणि मोठी मावशी 'रोहिणी'वर बसायला तयार नाही. म्हणते ६५ लिहिलं की सगळे माझं वय काढणार. तिला 'अभिजित' पाहिजे. ती आली की तिच्या दोन्ही जावा पण अभिजितवर येणार, म्हणजे तिथे बारा खुर्च्या आणि रोहिणीवर आजोबा एकटे.

चिमखडा:
=)) =)) मावशींना 'मित्र' द्या, ४.४, अजून तरुण.

कापूसकोंडी:
हसू नका हो, खरंच रुसून बसलीय.

नभांगण:
सोपं आहे. पाटीवर आकडा लिहूच नका, फक्त ताऱ्याचं नाव आणि ती ओळ. अंतरं सगळी एका कागदावर एकत्र करून बाहेर दुर्बिणीपाशी लावा, ज्याला हिशोब करायचाय तो रांगेत उभा राहून करेल. आणि मावशींना सांगा की रोहिणी हा आकाशातल्या सगळ्यात तेजस्वी ताऱ्यांमधला एक आहे, केशरी रंगाचा, लांबूनही उठून दिसतो. हे खरंच आहे, खोटं सांगायला नको.

कापूसकोंडी:
सांगितलं. 'केशरी' म्हटल्यावर विचारलं साडी कुठल्या रंगाची घालू. बसतेय रोहिणीवर.

तिरकस_तात्या:
पार्किंगचं काय झालं ते काकांना विचारा एकदा. रांग अंगणात लावणार असाल तर गाड्यांचे हेडलाइट दुर्बिणीकडे तोंड करून यायला नकोत.

कापूसकोंडी:
अरे देवा. विचारते.